जवसाचे तेल आणि तांब्याची कड

तैलरंग म्हणजे रंगाची बारीक भुकटी आणि वाळणारे तेल, बहुधा जवसाचे. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला हे पीक परके नाही. धान बांधीत उभे असतानाच खालच्या ओलीवर लाखोळी, जवस फेकून पेरण्याची उतेरा पद्धत गोंदिया-भंडाऱ्यात जुनी आहे. त्यामुळे इथल्या चाळिशीतल्या नवशिक्याला घाणीवरचे खायचे तेल रंगात घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्या तेलात बियांचा चिकट अंश राहतो आणि चित्र लवकर पिवळे पडते. चित्रकारांसाठी शुद्ध केलेल्या तेलाची छोटी बाटली बरेच दिवस पुरते.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांचा हात जलरंगावर बसलेला असतो. जलरंगातले पाणी उडाले की रंग वाळला. तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होते, म्हणून सुरुवातीला चित्राचे वजन किंचित वाढतेच. पावसाळ्यात ही क्रिया रेंगाळते. रंगांचाही स्वभाव वेगळा: बर्न्ट अंबर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, टायटॅनियम पांढरा आठवडाभर ओला राहू शकतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचा तेलकट, हा नियम यातूनच येतो. उलटे झाले तर वरचा थर आधी आवळतो आणि खालचा नंतर हलतो, मग भेगा.

शिकवायला कोणी नसणे ही अडचण खरी, पण नवी नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) कलाशाळेत न जाताच नाटकांचे पडदे आणि तैलचित्रे रंगवू लागले होते.

पहिला धडा एकाच रंगाचा असावा. खिडकीशी पितळी तांब्या ठेवून अंबर आणि पांढरा एवढ्यावर तो रंगवायचा. इथे प्रौढ माणूस हमखास अडतो. तांब्याचे तोंड गोल असते हे त्याला पक्के ठाऊक असते, म्हणून तो गोलच काढतो; समोर दिसते ती चपटी लंबवर्तुळाकार कड. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे पुसले जातात आणि उजेड, मधली छटा, सावली असे तीनच पट्टे उरतात. त्या पट्ट्यांवर दोन-तीन बैठका घालवाव्यात. पितळेची चमक सर्वांत शेवटी, दाट रंगाच्या एकाच टिपक्याने. नवशिके ती आधी घालतात आणि मग तिच्याभोवती तांब्या शोधत बसतात.

धानाचा हिरवा ट्यूबमधून सरळ काढला की प्लास्टिकसारखा दिसतो. लेमन पिवळ्यात चिमूटभर अल्ट्रामरीन घातला की रोपाचा रंग साधतो. यलो ऑकरमध्ये काळा मिसळला की कापणीआधीचा मळकट हिरवा मिळतो.

काम संपले की कुंचले पुसून साबणाने धुवावेत. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना तेल उष्णता सोडते. ती आत कोंडली तर चिंधी आपोआप पेटू शकते, आणि विदर्भाच्या मे महिन्यात तर ही जोखीम मुळीच पत्करू नये. दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात.

वार्निशची घाई नको; थर जाड नसला तरी सहा महिने थांबावे. नवरात्रात पुरे झालेला तांब्या वार्निशला येतो तो पुढच्या उन्हाळ्यात. तोवर उतेऱ्याचा जवस निघालेला असतो.