समुद्रातले पडीक रान

गाजरगवत कोणाला माहीत नाही? १९५५च्या सुमारास ते पुण्यात नजरेस भरले आणि पाहता पाहता देशभर पसरले. परदेशातून आणलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे म्हणतात. पण ते माजते कुठे, हे नीट पाहिले आहे का? रेल्वेच्या रुळांकडेला, ओसाड प्लॉटवर, पडीक वावरात. पीक दाट उभे असले, की त्याला फारसे डोके वर काढता येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण आज जरा दूर, अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर जाऊ. तिथे पाण्याखालीही असेच एक पडीक रान तयार होत आहे.

या किनाऱ्याचे वैभव म्हणजे केल्पची जंगले. केल्प हे तपकिरी समुद्रशैवाल. त्याला मुळे नसतात. तळाच्या खडकाला ते पंजाने घट्ट धरून राहते आणि शंभर फुटांहूनही उंच वाढते. पाणी मानवले तर एका दिवसात दीड-दोन फूट! वर पृष्ठभागावर त्याच्या पानांचा मांडव पडतो आणि त्या सावलीत मासे, शेवंडी, शंख-शिंपले यांचे संसार चालतात.

या जंगलात २००३ मध्ये एक पाहुणा आला. लाँग बीच बंदरात ‘सरगॅसम हॉर्नेरी’ नावाचे शैवाल सापडले. त्याचे माहेर जपान, कोरिया, चीन. जपानमध्ये काही भागांत लोक ते आवडीने खातात. इकडे ते बहुधा जहाजांबरोबर आले असावे. २००६ पर्यंत ते सांता कॅटलिना बेटापाशी पोहोचले. पसरण्याची सोय त्याच्या अंगातच आहे. त्याला हवेने भरलेले बारीक फुगे असतात. मालवणच्या खडकांवर या कुळातली शैवाले आढळतात, त्यांनाही असेच फुगे असतात. खडकावरून सुटलेली फांदी त्या फुग्यांवर तरंगत दूर जाते. शिवाय नर आणि मादी दोन्ही अवयव एकाच रोपावर! म्हणजे एक फांदी कुठे लागली, तरी नवी वसाहत होऊ शकते. तिथल्या लोकांनी त्याला ‘सैतानी तण’ म्हणायला सुरुवात केली, यात नवल नाही.

मग या सैतानाने केल्पला हाकलले का? इथेच खरी गोम आहे. केल्पला थंड पाणी लागते, कारण तळातून वर येणाऱ्या थंड पाण्यातच नायट्रेटसारखी खते भरपूर असतात. पाणी तापले, की ही रसद तुटते आणि केल्प उपाशी पडते. २०१४ ते २०१६ या काळात तिथला समुद्र असाधारण तापला. त्यातच एल निनोची भर पडली. केल्पचा मांडव विरळ झाला, ऊन तळापर्यंत पोहोचले आणि तिथे टपून बसलेल्या सरगॅसमच्या रोपट्यांचे फावले. गंमत म्हणजे हे तण काही उष्णतेचे लाडके नाही. ते हिवाळ्यात आणि वसंतातच फोफावते. त्याला हवी असते ती मोकळी जागा आणि उजेड.

जागा मोकळी करणारा आणखी एक जीव म्हणजे काटेरी चेंडूसारखा सागरी अर्चिन. तो देशी शैवाल आवडीने फस्त करतो, पण सरगॅसमला सहसा तोंड लावत नाही. अर्चिनला खाणारे म्हणजे शेवंडी आणि शीपहेड मासे. त्यांचीच बेसुमार मासेमारी झाली, तर अर्चिनला रान मोकळे. ॲनाकापा बेटाजवळच्या एका भागात १९७८ पासून मासेमारीला बंदी आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथे देशी शैवाल दाट दिसले आणि सरगॅसम अगदी थोडे. त्याच बेटाच्या मासेमारी चालणाऱ्या भागात मात्र त्याने चांगलेच बस्तान बसवले होते. समुद्र तोच, पाणी तेच. फरक फक्त राखणीचा.

कॅटलिनाजवळ पाणबुड्यांनी हे तण उपटून, मोठ्या नळ्यांनी ओढून काढण्याचे प्रयोगही केले. पण समुद्राची खुरपणी करायची तरी किती? आणि पाणी तापलेलेच राहिले, तर उपटलेल्या जागी केल्प परतेल याची हमी कोण देणार? बंदरात नुकतेच आलेले चार झुडुपांचे तण वेळीच काढावे, हे खरेच. पण एकदा ते पसरले, की त्याला शिव्या देऊन भागत नाही. जागा कोणी रिकामी केली, हे विचारावे लागते.

आपला शेतकरी हे कधीपासून जाणतो. तण काढावेच लागते. पण तणाचा खरा बंदोबस्त उभे पीकच करते.