कानांचा कौल

घरात गाणे ऐकण्यासाठी उंची स्पीकरची जोडी घ्यावयाची असे एकदा ठरले, की बहुतेक कुटुंबांत तयारी उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी किमतीचा आकडा ठरतो, मग नामांकित कंपन्यांची यादी तयार होते, त्यानंतर वॉट, ओहम आणि हर्ट्झ यांची कोष्टके ताडून पाहिली जातात. ज्या कानांसाठी हा सारा खटाटोप, त्यांना मात्र शेवटी दुकानात जेमतेम दहा मिनिटे मिळतात. ही वस्तू दिवाणखान्यात पंधरा-वीस वर्षे नांदणार असते. म्हणून तिची निवड करताना कानांना पुरेशी सवड देणे, हेच शहाणपणाचे ठरते.

आज बाजारात दिसणाऱ्या बहुसंख्य स्पीकरांची मूळ रचना जुनीच आहे. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ती शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडली. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला शंकू, आणि विजेच्या लहरींबरोबर होणारी त्याची मागे-पुढे हालचाल, एवढाच तिचा गाभा. स्वस्त आणि महाग स्पीकर या गाभ्यात वेगळे नसतात. फरक पडतो तो शंकूच्या घडणीत, पेटीच्या भक्कमपणात आणि उंच व खालच्या स्वरांची वाटणी करणाऱ्या विद्युतजोडणीत. हे गुण डोळ्यांना दिसत नाहीत. डोळ्यांना दिसतो तो लाकडाचा मुलामा, पेटीची उंची आणि किमतीची चिठ्ठी.

आणि डोळे कानांना सहज फसवतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ मध्ये मांडलेले प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहेत. त्यांनी त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा उघड दाखवून ऐकवले. स्पीकर दिसू लागताच गुणांकन बदलले. मोठ्या, रुबाबदार पेट्यांना अधिक गुण मिळाले आणि लहान, स्वस्त संचाचे गुण घसरले. आवाज तोच होता. मत बदलले होते. दुकानात पडद्याची सोय नसली, तरी डोळे मिटून बसता येते आणि कोणती जोडी वाजते आहे हे सोबतच्या माणसाला न सांगण्याची विनंती करता येते.

दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. दोन जोड्यांपैकी एक अवघ्या एका डेसिबलने मोठी वाजत असेल, तर ती मोठी आहे असे कानाला जाणवत नाही. ती अधिक स्वच्छ, अधिक भरीव वाटते. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही जोड्यांची पातळी सारखी करून घ्यावी. मोबाइलमधील ध्वनिमापक या कामापुरता पुरेसा असतो. शिवाय घरी ज्या बेताच्या आवाजात ऐकावयाचे, त्याच पातळीवर दुकानातही ऐकावे. हळू आवाजात मानवी कानाला खर्ज कमी जाणवतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले आहे. दुकानात दणदणीत वाजणारी जोडी रात्री शेजाऱ्यांचा विचार करून हळू लावली, की कधीकधी निर्जीव भासते ती यामुळेच.

ऐकावयाचे काय, हा पुढचा प्रश्न. दुकानदाराने निवडलेले झगमगीत ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून, वर्षानुवर्षे कानांत मुरलेले आपले गाणे सोबत न्यावे. आरंभ मानवी कंठापासून करावा, कारण घरातल्या माणसांच्या बोलण्यामुळे त्याची ओळख कानाला जन्मापासून असते. बीबीसीच्या अभियंत्यांनीही स्पीकर पारखताना स्टुडिओतील प्रत्यक्ष बोलण्याशी त्यांच्या आवाजाची तुलना केली. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी घडवलेला, जेमतेम एक फूट उंचीचा एलएस३/५ए हा स्पीकर कंठस्वराच्या सच्चेपणासाठी आजही नावाजला जातो. कंठानंतर तंबोरा लावावा. जवारीतून उमटणारी स्वरांची प्रभावळ अखंड तरळते, की नुसता करकरीत नाद ऐकू येतो, हे लगेच कळते. मग तबला. चाटीचा बोल लख्ख आणि डग्ग्याची मींड गोलाईदार, पण एकमेकांत न मिसळणारी, अशी यावयास हवी.

येथवर जमले, तरी अर्धाच निर्णय झाला. उरलेला अर्धा घरातील खोली घेते. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो आणि त्याच्या दुपटीला, ९४ हर्ट्झच्या जवळ, पुन्हा तसेच घडते. भिंतीला टेकलेल्या कोचावर हा खर्ज फुगलेला ऐकू येतो. खोलीच्या मध्यावर त्यातला ४७ हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. खोली चौरस असेल, तर दोष दुणावतो. आपल्याकडील गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती उंच स्वर परतवतात व गाणे कर्कश करतात. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी जो फरक पडतो, तो अनेकदा स्पीकर बदलूनही पडत नाही. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा, पेट्या कोपऱ्यातून बाहेर काढाव्यात आणि विक्रेता तयार असेल, तर दोन-चार दिवस जोडी घरी आणून पाहावी. ती सवलत देणारा विक्रेता थोडा महाग पडला, तरी परवडतो.

ॲम्प्लिफायरचा विचारही याच वेळी व्हावा. ९० डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला जेवढी शक्ती लागते, तिच्या चौपट शक्ती ८४ डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी द्यावी लागते, कारण दर ३ डेसिबलला मागणी दुप्पट होते. घरातला जुना ॲम्प्लिफायर हे ओझे पेलणार नसेल, तर नव्या जोडीच्या किमतीत दुसरी एक किंमत लपलेली असते.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा कुटुंबाची. वय वाढते तसे उंच स्वर कानातून ओसरत जातात. नातवाला जो झणत्कार टोचतो, तो आजोबांच्या कानापर्यंत पोहोचतही नाही. त्यामुळे एकट्या कर्त्या पुरुषाच्या पसंतीने आणलेली जोडी घरातल्या कोणाला तरी नकोशी होण्याचा संभव असतो. आजीला आवाज न वाढवता गाण्यातील शब्द स्पष्ट कळतात का, स्वयंपाकघरातून ऐकणारीला ते गोड लागते का, अभ्यास करणाऱ्या मुलाचे डोके उठत नाही ना, याची विचारपूस व्हावी. पहिल्या पाच मिनिटांत दिपवून टाकणारा आवाज पुष्कळदा तासाभराने थकवतो. जो आवाज संपूर्ण मैफल ऐकूनही ‘आता बंद करा’ असे कोणाला म्हणू देत नाही, तोच घरात टिकतो. त्याची किंमत यादीतील सर्वांत मोठी असेलच असे नाही. अशी जोडी सापडली, की कोष्टके मिटून ठेवावीत आणि सर्वांनी मिळून गाणे ऐकावे.