पाण्याशी ओळख : कुंडलिकेवर एक दिवस

२० मार्चला महाडला जाणाऱ्या आपल्या गाड्या पेण, नागोठणे करत कोलाडवरून माणगावकडे जातात. कोलाडला उतरून चहा घेतलेले आपल्यात पुष्कळ असतील. तिथल्या कुंडलिका नदीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मार्च महिन्यात कोकणातल्या बाकीच्या लहान नद्यांत गोटे दिसू लागलेले असतात, तेव्हाही ही नदी सकाळच्या वेळी भरून वाहते. म्हणूनच इथे गेली काही वर्षे लोक लहान होड्या घेऊन एक दिवसाच्या सहलीला येतात. या होडीला कयाक म्हणतात.

‘हे पैसेवाल्यांचे खेळ, आपल्याला कुठे पोहता येते?’ असे पहिल्यांदा मनात येईल. पैशाचे पुढे बोलू. पोहता न येण्याचे आधी बोलू, कारण आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे खरे कारण तेच आहे.

गावात मुले पोहायला शिकत ती विहिरीत आणि तळ्यात. ज्या पाण्याला आपल्या आजी-आजोबांनी हात लावायचा नव्हता, तिथे उडी मारून हातपाय मारायला त्यांना कोण देणार होते? शहरात आलो तर तरणतलावाची फी, पोशाख, कामाच्या वेळा आडव्या आल्या. मुलींचा तर प्रश्नच काढला गेला नाही. मग आईबाप एवढेच सांगतात, ‘पाण्याजवळ जाऊ नकोस.’ मुले जातातच. उन्हाळ्याच्या सुट्टीत दगडखाणीतल्या डबक्यात, खाडीत, कालव्यात जातात आणि दर मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या वस्तीतून बातमी येते. देशात दरवर्षी बुडून मरणाऱ्यांची नोंद तीस हजारांच्या वर जाते. पाण्यापासून दूर ठेवून हा आकडा खाली आलेला नाही. लाइफ जॅकेट घालून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली पाण्यावर घालवलेला एक दिवस म्हणजे पोहण्याचे शिक्षण नव्हे. पण पाणी कसे ओढते, आपण कसे तरंगतो, घाबरल्यावर श्वास कसा सांभाळायचा, याची पहिली ओळख तिथे होते.

आता होडीविषयी. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत. कॅनो ही तिची चुलत बहीण. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते. कॅनोत गुडघ्यावर किंवा आडव्या फळीवर बसतात आणि वल्ह्याला एकच पाते असते. सहलीसाठी हल्ली बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची, वर उघडी असलेली, एक किंवा दोन माणसांची कयाक देतात. नवख्याला हीच बरी. उलटली तरी माणूस आत अडकत नाही, सरळ पाण्यात पडतो.

वल्हवणे हे दंडाचे काम आहे असे वाटते आणि तिथेच लोक दमतात. पाठ ताठ ठेवा, तळपाय टेकवा, पाते पायांच्या बोटांजवळ पाण्यात घाला आणि कमरेवरचे अंग वळवून ओढा. ताकद पाठीतून आणि पोटातून यायला हवी. मूठ घट्ट आवळली की मनगट धरते. ज्यांचे आयुष्य खुर्चीवर जाते त्यांना हा व्यायाम म्हणून सांगतात. झाडलोट, बांधकाम, धुणीभांडी, हमाली करणाऱ्या आपल्या माणसांना आणखी व्यायाम कशाला सांगायचा? त्यांच्यासाठी सहलीचा फायदा वेगळा आहे. एका लयीत चाललेला हात, मोकळी हवा आणि दोन तास मोबाइल, भांडण, गिऱ्हाईक काही नाही. खांदा आधीच दुखत असेल तर दोघांच्या होडीत पुढे बसा आणि वल्हे हलके चालवा. मिरगी, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय होडीत बसू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी बसू नये. गुळाचा खडा किंवा साखर खिशात ठेवावी.

अपंगत्व असेल तर हे आपले काम नाही, असेही समजू नका. ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांचे पाय लहानपणापासून चालत नाहीत. त्या आधी पोहत होत्या, मग भोपाळच्या छोट्या तलावावर वल्हे शिकल्या. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी कॅनोच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली आणि २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्णपदक घेतले.

पुन्हा कुंडलिकेकडे. तिच्यात उन्हाळ्यात पाणी कुठून येते, हे होडीत बसण्याआधी माहीत असायलाच हवे. हे पाणी घाटावरच्या मुळा नदीचे आहे. मुळशी धरणात अडवलेले पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. तिथे वीज तयार झाली की ते कुंडलिकेला मिळते. या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. जमीन मावळातल्या शेतकऱ्यांची गेली आणि वीज मुंबईला गेली. वीजघर सुरू झाले १९२७ मध्ये, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी.

याचा अर्थ असा की या नदीचे पाणी पावसावर नाही, वीजघराच्या वेळापत्रकावर चढते. सकाळी पाणी सोडले की गुडघाभर पात्र बघता बघता कमरेवर जाते. आभाळ निरभ्र असले तरी पात्रातल्या खडकावर डबे उघडून बसू नका आणि मुलांना पलीकडे जाऊ देऊ नका. रावाळजेच्या खालच्या टप्प्यात खळाळ आहेत. तिथे रबरी तराफ्यातून राफ्टिंग चालते आणि सहसा चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. कुटुंबाने पहिल्याच सहलीत खळाळाच्या वाटेला जाऊच नये, असे माझे मत आहे. शांत डोहाच्या टप्प्यात कयाक मागा. आणि सहल कोलाडच्या वरच्या अंगालाच करा. खाली रोह्याकडे धाटावच्या रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नवख्यांनी कुठल्याच नदीवर होडी घालू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

लाइफ जॅकेटचे थोडे सविस्तर सांगतो, कारण तिथे ते नुसते गळ्यात अडकवलेले दिसते. सगळे पट्टे लावून घ्या. मग दुसऱ्या माणसाला दोन्ही खांद्यांपाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे आहे, बदलून मागा. लहान मुलाच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर येते आणि मूल खाली जाते. हवेच्या ट्यूबवर विसंबू नका. मापाचे जॅकेट नसेल तर होडीत बसू नका, पैसे भरलेले असले तरी.

पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने आणि बोटे पाण्याबाहेर. होडी जवळ असेल तर तिला धरून ठेवा. वाहत्या पाण्यात उभे राहायला जाऊ नका, पाय दगडांच्या सापटीत अडकला की प्रवाह माणसाला आडवा करतो. आणि बंधाऱ्याजवळ होडी कधीच नेऊ नका. कोल्हापूर पद्धतीचे लहान बंधारे आपल्याकडे नदी-नदीवर आहेत. वरून ओसंडणारे पाणी हातभर उंचीचेच दिसते, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरत असते आणि पडलेल्याला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. चांगले पोहणारेही त्यातून सुटत नाहीत.

साडी, ओढणी, जीन्स नको. ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरे. चप्पल वाहून जाते, मागे पट्टा असलेली सँडल घाला. चष्म्याला दोरी बांधा. भाकरी, उसळ, केळी घरून न्या आणि प्यायचे पाणी भरपूर ठेवा. नदीवर गार वारा लागतो म्हणून तहान कळत नाही, पण ऊन लागत असते. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्या मोठ्या माणसांचे जीव जातात. पंचशीलातले पाचवे शील या दिवशी सगळ्या टोळीने पाळायचे, होडी न चालवणाऱ्यांनीसुद्धा.

खर्च कमी करायचा तर एकेकट्याने जाऊ नका. महिला मंडळाने किंवा विहारातल्या तरुणांनी वीस-पंचवीस जणांचा गट करून आधी फोनवर बोलावे. दिवा आणि पनवेलहून रोह्यापर्यंत रेल्वे आहे, पुढे कोलाड दहा-बारा किलोमीटर. फोनवर दर विचाराल तेव्हा हेही विचारा : लहान मुलांच्या मापाची जॅकेटे आहेत का, किती होड्यांमागे एक मार्गदर्शक असतो, त्याला प्रथमोपचार येतात का, पाणी किती वाजता सोडतात. उत्तर देताना जो टाळाटाळ करील त्याच्याकडे जाऊ नका.

आता कुणी बुडत असेल तर काय करायचे ते. हे वस्तीजवळच्या डबक्यालाही लागू आहे. स्वतः उडी मारू नका, एकामागे दोघे जातात. बांबू पुढे करा, दोरी किंवा ओढणी टाका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे सगळे चुकीचे आहे, त्यात वेळ जातो. तो श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा. तुम्ही हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि आधी तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली जायला हवी आणि वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचेच.

घरी आल्यावर साबणाने अंघोळ करा. पायाला जखम असेल तर मुळात पाण्यात उतरू नका, कारण उंदीर आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू जखमेतून शिरतात. सहलीनंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नका. दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी ‘आम्ही नदीत गेलो होतो’ हे आपणहून सांगा.