कऱ्हा नदीचा जमाखर्च

कोणत्याही गावचा नकाशा पसरून पाहिला असता त्यात प्रत्येक शेतास नंबर, नंबरास क्षेत्र व आकार, आणि आकारामागे एक खातेदार असल्याचे दिसून येते. नदीच्या पात्रास मात्र यांपैकी काहीच नसते. दोन नागमोडी रेघा व त्यांमधील कोरी जागा, इतकीच तिची नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० अन्वये नद्या, नाले व त्यांची पात्रे ही सरकारची मालमत्ता होय. सरकारची म्हणजे सर्वांची. आणि जे सर्वांचे त्याचा हिशेब सहसा कोणीच ठेवीत नाही. आमची उमर महसुली दप्तरात कारकुनी करण्यात गेली. ज्या खात्याचा जमाखर्च लिहिला जात नाही ते खाते कधी ना कधी बुडीत निघते, असा आमचा अनुभव आहे. यास्तव आपल्या पुणे जिल्ह्यातील कऱ्हा या लहानशा नदीच्या पाण्याचा जमाखर्च आज वाचकांपुढे मांडीत आहोत. तो नदीपुरता नसून काठच्या प्रत्येक विहिरीचा आहे, हे पुढे दिसून येईल.

नदीचा मार्ग. — कऱ्हा पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेस गराड्याकडील डोंगरांत उगम पावते. सासवड येथे चांबळीकडून येणारा प्रवाह तीस मिळतो. त्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. पुढे जेजुरीनजीक नाझरे येथे तिजवर धरण बांधलेले असून त्याच्या जलाशयास मल्हारसागर म्हणतात. तेथून मोरगाव व बारामती या गावांवरून वाहत जाऊन ती सोनगावाजवळ नीरेस मिळते, व नीरा पुढे नरसिंहपूर येथे भीमेत विलीन होते. लग्नात करवलीच्या हाती जो पाण्याचा कऱ्हा असतो, तेच या नदीचे नाव. ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडून ही नदी झाली, अशी आख्यायिका आहे. नदीही नावासारखीच लहान. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश असल्यामुळे पश्चिमेकडील डोंगर सोडले तर खाली पाऊस बेताचाच. पावसाळ्यात चार दिवस दुथडी भरावी, दिवाळीनंतर धार बारीक व्हावी, आणि उन्हाळ्यात पात्रातील झऱ्यांवर गुरांनी तहान भागवावी, असा तिचा जुना क्रम होता.

अशा या नदीच्या काठी थोर माणसे व मोठी दैवते नांदली. सासवडास सोपानदेवांची समाधी आहे, मोरगावास मयूरेश्वर आहे, आणि सोमवती अमावास्येस जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हास्नानास निघते. मोरोपंत पंडितांनी बारामतीस राहून आपली काव्यरचना केली. पुरंदर तालुक्यात जन्मलेल्या आचार्य अत्र्यांनी तर आपल्या आत्मचरित्रास ‘कऱ्हेचे पाणी’ हेच नाव दिले. ज्या पाण्याचे नाव ग्रंथावर घालावेसे वाटले, त्या पाण्याची आजची जमेची बाजू काय, हे आता पाहू.

काठच्या नगरपालिका. — सासवड, जेजुरी व बारामती या तिन्ही ठिकाणी १८६० नंतरच्या दहा वर्षांतच नगरपालिका स्थापन झाल्या. त्या काळी घरोघर लागणारे पाणी आडातून, विहिरीतून किंवा तलावातून शेंदून अथवा वाहून आणीत असत. जेजुरीचे पेशवे तलाव व होळकर तलाव अद्याप त्याची साक्ष देतात. जे पाणी डोक्यावर वाहून आणावयाचे, ते कोणी फुकट सांडीत नाही. सांडलेच तर ते परसातील केळीस किंवा अळवास मिळे. नदीपर्यंत पोचण्याइतके सांडपाणीच नसे. पुढे नळ आले. नळ आल्याबरोबर वापर वाढला, व जितका वापर वाढला तितके सांडपाणी वाढले. यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. नळ ही मोठी सोय असून आपल्यापैकी कित्येकांची मुले व नातवंडे याच शहरांत राहतात.

तथापि एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. स्थानिक पाणी पुरेनासे झाल्यावर शहरांनी दुरून पाणी आणिले. सासवडास नीरेवरील वीर धरणातूनही पाणी येते. म्हणजे नीरेचे पाणी नळाने सासवडास यावयाचे, घराघरांतून वापरले जावयाचे, आणि गटाराने कऱ्हेत उतरावयाचे. परिणामी पावसाळा सरल्यावर जेव्हा डोंगरातून येणारी जमा शून्य होते, तेव्हाही नदीत पाणी दिसते. ते पाहून आपण संतोष मानतो. परंतु त्या दिवसांत नदीच्या खात्यावर जमा होणारी मुख्य रक्कम शहराच्या मोऱ्यांतील असते, हे विसरून चालणार नाही.

हिशेब. — हा हिशेब आकड्यांनी पाहू. तीस हजार वस्तीचे एक गाव कल्पावे. भुयारी गटारे असलेल्या शहरास दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे सरकारी मान आहे. व पुरविलेल्या पाण्यापैकी शेकडा ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे धरतात. या मानाने त्या गावचा पुरवठा ४० लाख ५० हजार लिटर व सांडपाणी ३२ लाख ४० हजार लिटर होते. एक एकरास दोन इंचांची, म्हणजे पाच सेंटिमीटरची, एक पाळी द्यावयाची तर सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. तेव्हा हे सांडपाणी दररोज १६ एकरांच्या पाळीइतके झाले. पाळी बारा दिवसांनी येते असे धरले, तर सुमारे १९० एकर जमीन बारमाही भिजेल.

हे झाले पाणी. आता त्यातील द्रव्य. सांडपाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम नत्र धरले, तर त्या गावाकडून दररोज सुमारे १३० किलो नत्र वाहून जाते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २० किलोंहून थोडे अधिक नत्र असते. म्हणजे रोज सहा गोण्या युरिया नदीत ओतल्यासारखे होते. जी वस्तू आपण रांगेत उभे राहून विकत घेतो, तीच नदीत गेली की विष होते. कारण ती नको तेथे, नको तेव्हा व बेहिशेबी पडते.

विहिरीपर्यंत कसे येते. — कऱ्हेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस त्यांत ढापे बसवावयाचे, व पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढावयाचे, ही त्यांची रीत वाचकांस ठाऊकच आहे. ढापे बसविले की मागे पाणी तुंबते, ते मुरूम व खडकातील भेगांतून झिरपते, आणि काठच्या विहिरींची पातळी चढते. बंधाऱ्याचा हेतूच तो. परंतु तुंबलेल्या पाण्यात सांडपाण्याचा अंश जास्त असेल, तर ज्या वाटेने चांगले पाणी विहिरीत आले असते, त्याच वाटेने हेही येते. जमिनीतून गाळून आल्यामुळे ते स्वच्छ दिसते, व येथेच माणूस फसतो. मातीचा जाड थर पुष्कळसे जंतू अडवितो, पण खडकाच्या मोठ्या भेगा तेही अडवीत नाहीत. विरघळलेले क्षार व नायट्रेट तर माती किंवा मुरूम यांपैकी कोणीच अडवीत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, अशी आपल्या देशातील मर्यादा आहे. ती ओलांडलेले पाणी तान्ह्या मुलास विशेष घातक असते. आणि ते उकळून उपयोग होत नाही, कारण उकळल्याने पाणी आटून नायट्रेट उलट दाट होते.

शेतावर होणारे परिणाम तीन. पहिला नत्राचा. नुसते सांडपाणी एका एकरास दहा पाळ्या दिले, तर वरील मानाने सुमारे ८० किलो नत्र पडते. कांद्याची शिफारस एकरी सुमारे ४० किलोंची आहे. दुप्पट नत्राने पात माजते, मान जाड राहते व कांदा चाळीत टिकत नाही. दुसरा परिणाम क्षारांचा. साबण व धुण्याच्या पुडीतील सोडियम काळ्या जमिनीत साठत गेले की जमीन चोपण होते. पाणी वर साचते, आत मुरत नाही. तिसरा जंतूंचा. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी अशी कच्ची खावयाची पिके या पाण्यावर घेणे म्हणजे शहराचा रोग शहरास व आपल्याच घरास परत पाठविणे होय.

पुण्याचे पाणी. — कऱ्हेकाठच्या कास्तकारांस हा प्रश्न आणखी एका वाटेने येऊन भिडला आहे. पुणे शहर खडकवासल्याचे पाणी घेते, व वापरलेले पाणी मुळामुठेत सोडते. पुरंदर उपसा सिंचन योजनेने हेच मुळामुठेचे पाणी हवेली तालुक्यातील कोरेगाव मूळ येथून उचलून डोंगर चढवून पुरंदराच्या दुष्काळी गावांत आणिले आहे. अवर्षणात या पाण्याने कित्येकांच्या फळबागा वाचविल्या, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पाणी नाकारावे असे आम्ही सुचवीत नाही. परंतु पुणे जे नदीत सोडील ते कऱ्हेच्या खोऱ्यातील अंजिराच्या मुळाशी येणार, इतके निश्चित. म्हणून पुण्याच्या सांडपाण्याची शुद्धी हा केवळ पुणेकरांचा प्रश्न राहिलेला नाही.

कायदा व त्यातील फट. — जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ अन्वये कोणत्याही प्रवाहात दूषित द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास मनाई आहे. नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो, व गटारे आणि मलनिस्सारण ही त्यांची कर्तव्ये आहेत. कायदा नाही असे नव्हे. अडचण अशी की नगरपालिकेची सत्ता तिच्या हद्दीच्या दगडापाशी संपते, आणि घाण तेथून पुढे सुरू होते. वरच्या गावचा मतदार खालच्या गावचे पाणी पीत नाही. खालच्या गावच्या शेतकऱ्यास वरच्या पालिकेत मत नाही.

तथापि सर्व दोष शहरांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. लहान गावांची गटारेही ओढ्यांतून नदीसच मिळतात. पात्रातील वाळू उपसली गेली, त्यात खेडीही वाटेकरी आहेत. वाळू हे नदीचे कोठार होते. ती गेल्यावर झरे आटले व विहिरी खोल गेल्या. काठाचा बांध दरसाल हातभर पुढे सरकविणारेही आपल्यातलेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदरात अतिवृष्टी होऊन नाझऱ्यातून मोठा विसर्ग सोडावा लागला, कऱ्हेस महापूर आला, व बारामतीच्या सखल भागातील लोकांस हलवावे लागले. लहान नदी एरवी दिसत नाही. पण आपली जागा ती विसरत नाही.

काय करावे. — पहिले, प्रत्येक काठकऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, कार्तिकात व वैशाखात, तपासून घ्यावे. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र किंवा सरकारी मृद चाचणी प्रयोगशाळा येथे ही सोय आहे. चिठ्ठीतील विद्युत् वाहकतेचा आकडा पाहावा. तो ०.७ डेसिसायमनच्या आत असेल तर चिंता नाही, ०.७ ते ३ असल्यास पीक पाहून पाणी द्यावे. ३ च्या वर असल्यास ते पाणी एकट्याने वापरू नये. घेवडा व कांदा यांस क्षार फार लवकर बाधतात. अंजीर व डाळिंब पुष्कळ सोसतात. ज्या विहिरीचे पाणी पिण्यास वापरतात तिची नायट्रेट व जंतू यांसाठी वेगळी तपासणी करावी.

दुसरे, नदीचे पाणी देताना त्यातील नत्र वरखतातून वजा करावे. विहिरीचे चांगले पाणी उपलब्ध असल्यास पाळ्या आलटून पालटून द्याव्या. कच्ची खावयाची भाजी या पाण्यावर करूच नये.

तिसरे, बंधाऱ्याचे ढापे पहिल्या पावसाआधी न चुकता काढावे, म्हणजे उन्हाळभर साचलेली घाण पहिल्या लोंढ्याबरोबर निघून जाईल. आणि पुन्हा बसविण्याची घाई न करता चांगले दोन-तीन पूर जाऊ द्यावे.

चौथे व सर्वांत महत्त्वाचे. एका गावाने अर्ज केला तर तो दप्तरात पडून राहतो. काठच्या सर्व ग्रामसभांनी एकाच महिन्यात, एकाच मजकुराचा ठराव करून प्रत्येक पालिकेस तीन प्रश्न लेखी विचारावे: आपण दररोज किती पाणी पुरविता? त्यापैकी किती सांडपाणी शुद्ध करिता? उरलेले कोठे जाते? हे तीन आकडे मिळाले की जमाखर्च आपोआप जुळतो किंवा फुटतो. त्याच ठरावात मागणी असावी की शुद्ध केलेले पाणी नदीत न सोडता, कडबा, ऊस व फळझाडे यांकरिता काठच्या शेतीस करार करून द्यावे. पालिकेस नदीचा दोष टळेल, व आपणांस पाणी आणि खत दोन्ही मिळेल. यात भांडणाचे कारण नाही. दोघांचाही फायदा आहे.

असो. कायद्याचा अंमल होण्यास वेळ लागेल, आणि शहरे काही खेड्यांच्या सोयीने वाढत नाहीत. पण आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही. येत्या कार्तिकात कऱ्हेकाठच्या प्रत्येक गावातून निदान पाच विहिरींच्या चिठ्ठ्या गोळा होऊन चावडीवर लावल्या गेल्या, तर पुढील अर्जास आधार काय जोडावा, हे कोणास विचारावे लागणार नाही.