बीजापासून ऑर्किड : काचपात्रातील अंकुरण

उष्ण कटिबंधातील अनेक फुलझाडे घरात बियांपासून वाढविता येतात. ऑर्किडचे बी मात्र कुंडीत पेरल्यास सहसा उगवत नाही. याचे कारण बीजाच्या रचनेत आहे. एका बोंडात हजारो, काही जातींत लक्षावधी बिया असतात. परंतु धुळीसारख्या या बियांत भ्रूणपोष, म्हणजे अंकुरासाठी साठविलेले अन्न, नसते. निसर्गात ते विशिष्ट कवकाकडून मिळते, असे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये शोधून काढले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुईस नूडसन यांनी १९२२ मध्ये कवकाऐवजी साखर व क्षारयुक्त आगरवर बी रुजविल्याचे प्रसिद्ध केले.

सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’ही याच रीतीने वाढविता येते. तरीही हौसेपोटी ती रानातून ओरबाडून आणली जाते, ही खेदाची बाब होय.

न उकललेले हिरवे बोंड बाहेरून निर्जंतुक करून त्यातील बी बंद काचपात्रात पेरतात. येथे हयगय झाल्यास त्याच साखरेवर बुरशी आधी माजते. बीजाची प्रथम हिरवी गाठ बनते. पाने व मुळे नंतर फुटतात. रोपे बाहेर काढताना मुळांवरील आगर धुऊन टाकावे व काही आठवडे ती दमट हवेत झाकून ठेवावीत. फुलासाठी पुढे काही वर्षे थांबावे लागते.