पांढरी गार, पेग्मॅटाइट आणि युरेनियम

कोडोलीत अगर वारणेकाठच्या आसपासच्या गावांत विहिरीचे काम निघाले आणि खडकातून चकाकणारे पांढरे गोटे बाहेर पडले, की हा दगड पेग्मॅटाइटचा असून याच्या पोटात युरेनियम व दुर्मिळ मृदा धातू आहेत, अशी वार्ता उठते. आणि चार शिकलेली माणसेही ती इतक्या खात्रीने सांगू लागतात, की सातबाऱ्यावरील मुरमाड क्षेत्राला अवाच्या सव्वा भाव येणार या आशेवर साध्या शेतकऱ्याची झोप उडते. ही समजूत वारंवार कानी येते, आणि दर वेळी मनाला तितकाच त्रास होतो, कारण ती खोडून काढण्यास लागणारा पुरावा त्याच विहिरीच्या काठावर पडलेला असतो.

पन्हाळ्याच्या पायथ्यापासून जोतिबाच्या डोंगरापर्यंत आणि तेथून वारणेच्या पात्रापर्यंत पसरलेला खडक म्हणजे दख्खनचा काळा फत्तर, अर्थात बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठावर वाहत आलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक थिजून तो झाला. थिजताना रसातील वायूंचे बुडबुडे जेथे अडकले तेथे पोकळ्या राहिल्या, आणि पुढे दीर्घकाळ झिरपलेल्या ऊन पाण्याने त्यांत सिलिका व चुन्याची स्फटिके भरली. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हाच खडक. त्यातील एक गोटा फोडून पाहावा. बाहेरून मातकट, ओबडधोबड. आत मात्र पोकळीच्या भिंतीपासून मध्याकडे रोखलेल्या पांढऱ्या सुया, नाहीतर मोत्याची झाक असलेले स्टिल्बाइटचे जुडगे, आणि एखाद्या कोपऱ्यात कॅल्साइटचा खडा, ज्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच फेस येतो. सुया व जुडगे ही झिओलाइट गटातील खनिजे होत. संग्राहक ती हौसेने घेतात. युरेनियमचा मात्र त्यांच्याशी संबंध नाही.

पेग्मॅटाइटची उत्पत्ती सर्वस्वी निराळी. ग्रॅनाइटचा शिलारस भूगर्भात खोलवर सावकाश निवत असता, ज्या मूलद्रव्यांना सामान्य खनिजांच्या स्फटिकरचनेत जागा मिळत नाही, ती म्हणजे युरेनियम, थोरियम, नायोबियम, टँटलम, बेरिलियम आणि दुर्मिळ मृदा, मागे उरलेल्या जलयुक्त रसात साठत जातात. हा अखेरचा रस भेगांतून शिरून थिजला म्हणजे पेग्मॅटाइटची शीर तयार होते. तिच्यात पंजाएवढा फेल्डस्पार सपाट पृष्ठांवर तुटतो आणि अभ्रकाचे पापुद्रे नखाने सुटतात. कोडोलीकरास ती पाहावयाची असेल तर त्याने गगनबावड्याचा घाट उतरून कुडाळ तालुक्यात कडावलच्या बाजूस जावे, जेथे अभ्रक याच खडकात सापडते.

यावर कोणी म्हणेल, की काळ्या फत्तराच्या खाली तरी ग्रॅनाइट असेलच. शंका रास्त आहे. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात जी खोल छिद्रे घेतली गेली, त्यांतील एकात सुमारे 933 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी पाया लागला. कोडोलीखालीही असा पाया असणारच, पण तीनशे फुटांच्या कूपनलिकेतून आलेला चुरा त्या पायाची साक्ष कशी देणार?

मग यंत्राचा दाखला पुढे केला जातो: कोणाच्या तरी किरणमापकाने टकटक केली! अहो, पोटॅशियमचा एक अंश निसर्गतःच किरणोत्सारी असतो. उसाला घालावयाच्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या पोत्याजवळ धरले तरी तेच यंत्र टकटक वाढवते. पोटॅशियम, युरेनियम व थोरियम यांचे गॅमा किरण वेगवेगळे मोजणारा वर्णपटमापक वापरल्याविना आणि नमुन्याचे रासायनिक पृथक्करण झाल्याविना त्या आवाजाला काडीचीही किंमत नाही. बेसाल्टमध्ये तर युरेनियमचे प्रमाण बहुधा टनामागे एका ग्रॅमहूनही कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ते चार ग्रॅमांच्या आसपास जाते.

आणि खरा पेग्मॅटाइट हाती लागला तरी खाण होते असे नाही. पूर्वीच्या गया जिल्ह्यातील सिंगारच्या पेग्मॅटाइटात युरेनिनाइट मिळाले, परंतु अशा शिरांत ते इकडे गाठ, तिकडे गाठ असे विखुरलेले असते. देशाचे युरेनियम आले ते झारखंडच्या जादुगुड्यातून, जेथे 1951 साली शोध लागला व 1967 साली उत्पादन सुरू झाले, आणि आंध्रच्या तुम्मलपल्लेतून. पहिले भूहालचालींनी भरडलेल्या पट्ट्यात, दुसरे चुनखडीच्या जातीच्या खडकात. कॅनडातील बँक्रॉफ्ट व नामिबियातील रॉसिंग यांसारखी पेग्मॅटाइटी खडकांतील उदाहरणे आहेत, पण ती मोजकीच. आपल्या सरहद्दीलगत बेळगाव जिल्ह्यातील देशनूर येथे अणुखनिज अन्वेषण व संशोधन संचालनालयाला जे युरेनियम आढळले तेही वालुकाश्माच्या थरांत. 1949 साली स्थापन झालेल्या या खात्याचे काम हवाई पाहणी, जमिनीवरील मोजणी, चर, छिद्रण आणि पृथक्करण अशा पायऱ्यांनी वर्षानुवर्षे चालते. चमक पाहून तेथे निर्णय होत नसतो.

उरलेल्या समजुतींना एकेक वाक्य पुरे. युरेनियम रात्री हिरवे चमकते असे नाही. युरेनिनाइट काळे, डांबरी झाकेचे व हाताला विलक्षण जड असते, आणि ऑट्युनाइटसारखी काही दुय्यम खनिजे तेवढी अतिनील प्रकाशात उजळतात. शेतातले युरेनियम बॉम्बसारखे फुटेल ही भीती व्यर्थ आहे, कारण नैसर्गिक युरेनियमात विखंडनक्षम अंश जेमतेम 0.7 टक्के. दुर्मिळ मृदा दुर्मिळच असतात असेही नाही. सिरियम पृथ्वीच्या कवचात शिशाहून अधिक आहे, मात्र एके ठिकाणी पुरेसा साठत नाही, आणि भारतात या मृदा मुख्यत्वे समुद्रकाठच्या वाळूतील मोनाझाइटापासून मिळतात. 2023 च्या कायदेदुरुस्तीने युरेनियम खुले झाले ही तर निव्वळ थाप: अणुखनिजांच्या यादीतून त्या वर्षी लिथियम, बेरिलियम, नायोबियम, टँटलम, टायटॅनियम व झिर्कोनियम यांची खनिजे वगळली गेली, युरेनियम नव्हे. जमिनीत युरेनियम आहे असे सांगून व्यवहाराची घाई करणाऱ्या मध्यस्थाकडे दर टनास किती ग्रॅम हे दाखवणारा प्रयोगशाळेचा लेखी अहवाल मागावा, आणि तो हाती येईपर्यंत कोणत्याही कागदावर सही अगर अंगठा करू नये.