कमावणं म्हणजे सुगीत राबणं



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंबरोबर आम्ही कर्जाचा अर्ज भरायला गेलो होतो. अर्ज भरून घेणाऱ्यानं विचारलं, "तुम्ही काय करता?" ताई म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." त्यानं व्यवसायापुढं 'गृहिणी' लिहिलं आणि उत्पन्नापुढं आडवी रेघ मारली. ताई त्या दिवशी पहाटे दोन म्हशींच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून, वैरण टाकून आल्या होत्या. परत गेल्यावर घरच्या ज्वारीची काढणी वाट बघत होती. तरी उत्तर काय, तर "काही नाही".

त्या अर्जावर 'अर्निंग मेंबर', म्हणजे कमावती माणसं, असा एक रकाना होता. एसटीत बसल्यावर आमच्या मनात आलं, हा 'अर्न' शब्द आहे तरी कुठला? शोधलं, आणि जे सापडलं ते आज तुम्हांला सांगतो.

'अर्न' म्हणजे कमावणे. पण नुसतं मिळणं वेगळं आणि कमावणं वेगळं. सोडतीत बक्षीस लागलं, वाटेत नोट सापडली, तर ते मिळालं. त्याला इंग्रजीत 'गेट' म्हणतात. 'अर्न' म्हणायचं तर त्यामागं कष्ट लागतात.

हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे. जुन्या इंग्रजीत तो 'एअर्नियन' असा होता. त्याचा अर्थ कष्टाचं फळ मिळवणे, आणि त्या फळाला लायक ठरणे. आजही इंग्रजीत माणूस पैशाबरोबर मानही 'अर्न' करतो.

आपल्याकडं मराठीत 'हात' आणि हिंदीत 'हाथ' म्हणतात. ऐकूनच कळतं की हे एका घरातले शब्द. भाषेचे अभ्यासक असेच शब्द शेजारी शेजारी ठेवून मूळ शोधतात. 'अर्न'चे भाऊबंद त्यांना जर्मन भाषेत आणि आता लोप पावलेल्या गॉथिक भाषेत सापडले. जर्मनमध्ये 'एर्न्टे' म्हणजे सुगी, पिकाची कापणी. गॉथिकमध्ये 'असान्स' म्हणजे सुगीच, आणि 'असनीस' म्हणजे रोजंदारीवरचा गडी. यावरून अभ्यासक सांगतात की 'अर्न'च्या मुळाशी शेतातली मेहनत आहे, त्यातही सुगीतली. म्हणजे हा शब्द कचेरीत जन्मला नाही, तो विळा हातात घेऊन आला.

आता आपला शब्द बघा. 'कमावणे' हा 'काम' या शब्दाचाच सख्खा. संस्कृत 'कर्म', त्याचं प्राकृतात 'कम्म' झालं, आणि त्यातून आपलं काम आणि कमाई. म्हणून तर आपण कातडं कमावतो म्हणतो, पैलवानाचं शरीर कमावलेलं म्हणतो. तिथं पैसा कुठं आहे? तिथं आहे ती मेहनत. दोन भाषा, दोन मुलखांतल्या, पण दोघीही तेच सांगतात: आधी काम, मग कमाई.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांची 'कमवा आणि शिका' ही योजना तुम्ही ऐकली असेल. तिचंच इंग्रजी नाव 'अर्न अँड लर्न'. त्यात मुलं शेतात राबून शिक्षणाचा खर्च भागवत. बघा, हा शब्द फिरून पुन्हा शेतातच आला.

मग आपण असं का म्हणतो की मी काही कमवत नाही? कारण पैसा हातात येतो तेव्हाच कमाई झाली असं आपण धरून चाललोय. दुधाचं बिल मालकांच्या खात्यावर जमा होतं, धान्य घरात येतं, आणि त्यात गेलेले आपले दिवस कुणी मोजत नाही. आपणही मोजत नाही.

सरकारी जनगणनेची व्याख्या मात्र वेगळी आहे. 2011 च्या जनगणनेत घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही 'काम' धरलं होतं. वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम करणारी व्यक्ती मुख्य काम करणारी, त्याहून कमी असेल तर सीमांतिक. नुसता स्वयंपाक, धुणीभांडी, पोरांचं करणं मात्र त्यात धरत नाहीत, ते दुखणं आहेच. पण खुरपणी, काढणी, मळणी करणारी बाई "काही नाही, घरीच असते" म्हणाली, की जे मोजलं गेलं असतं तेही मोजायचं राहतं.

म्हणून एक करूया. गटाच्या वहीत एक पान काढा. घरच्या शेतात किती दिवस गेलात, दूध किती लिटर घातलं, त्याचे किती आले, पेंड-वैरणीला किती गेले, एवढंच महिनाभर लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. पुढच्या वेळी अर्जावर 'शेती व दुग्धव्यवसाय' लिहायला सांगा आणि खर्च वजा जाऊन उरलेला आकडा द्या. खोटं काही वाढवायचं नाही, आणि खरं आहे ते लपवायचंही नाही.

आमच्या ताईंनी पान काढलंय. परवा आम्ही मुद्दाम विचारलं, "ताई, काय करता?" त्या हसल्या नि म्हणाल्या, "कमावते की!"